परसातल्या कातळावरचा दवबिंदू

ऑक्टोबरचा पहिला रविवार, दिवेलागण. रत्नागिरी.

हातपाय धुऊन लगेच वही उघडली.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा पावसाळाभर परसात पाऊल टाकलं नव्हतं. आज कामाला येणारी सुलभा कोयती घेऊन गवत काढायला आली, तेव्हा काठी टेकत मागे गेले. तेरडा, कुर्डू कमरेपर्यंत वाढलेले. आणि विहिरीकडच्या ओलसर कातळावर बोटभर उंचीची लालसर रोपं. पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब चमकत होते. एका थेंबात चिलट अडकलं होतं.

दवबिंदू! कीटक खाणारी वनस्पती. तीस वर्षं शाळेत फळ्यावर तिची आकृती काढली, पण प्रत्यक्ष कधी पाहिली नाही. मुलांना सांगायचे, कुठेतरी दूर दलदलीत असते.

"थांब गो, तिथे कापू नको!" मी ओरडलेच.

सुलभा म्हणाली, "ह्ये तं दरवर्सी येतं बाई. तुमीच उपटायला सांगता."

दरवर्षी? म्हणजे इतकी वर्षं मी...

वाकता येईना, तशी कातळावर पालथी पडले. चिलट अजून पाय हलवत होतं. बाजूचे केस त्याच्याकडे वळत होते. खरंच वळत होते, की मलाच वाटलं? सुलभा पलीकडचं गवत काढून आली तोवर चिलट निपचित पडलं होतं, केस त्याच्यावर मिटले होते. फळ्यावर मी हे सगळं एका बाणात संपवायचे.

सुलभाने हाताला धरून उठवलं. "बाई, रडताय काय?"

"नाही गो," म्हटलं.

कातळाकडचं गवत तसंच सोडून तिने कोयती पडवीत नेऊन ठेवली.