बाहेरचा हात मोजत नाही

सोमवार, २७ जानेवारी २०२५
तिगाव टेशनाजवळचं आपलं घर

माह्ये सोनू,

जय भीम. आजीचा आशीर्वाद घे. आमी सारे मजेत हावो, तूबी नागपुरात होस्टेलात मजेत असशीन. हे पत्र आपल्या गावची रजनी घेऊन येऊन राहिली, तिले चहा पाज, पोट्टी पॅसेंजरनं थकून येईन. फोन केला असता, पन फोनवर बोललं का सारं घर आयकते. आन बाबाचा फोन तं तू उचलतच नाही. असू दे. चौथीपर्यंत शिकली मी, जेवढं लागन तेवढं वाच, बाकी समजून घे.

संत्रे पाठवले. या सालचे आखरी हायेत. दिवाळीत तू असंच संत्र सोलून मले समजावलं होतं. साल म्हनजे संविधान, एक फोड दिल्लीची, एक आपल्या राज्याची, म्हनजे भोपाळची, एक कोर्टाची, एक आपल्या पंचायतीची. "आजी, हरेक फोडीले आपापली कातडी हाये. एकीनं दुसरीचा रस प्यायचा नाही." मी म्हनलं बरं, आन पंचायतीची फोड खाऊन टाकली. सारे हासले, तू नाही हासली. तू बाबाकडे पाहून राहिली होती.

मंग तू बोलली, लोकायनं सरपंच मायले केलं, तं खुर्चीवर बाबा काहून बसते? तो म्हने, "तिलेच विचार, तेच बसत नाही." आन तू बॅग उचलली. माय खुर्चीवर बसन तवाच घरी येईन म्हनली.

तं आता कालचं आयक.

झेंडा झाला, बुंदी वाटली, शेजारच्या चंचलच्या पोट्ट्यानं दोनदा घेतली. मंग ग्रामसभा. तुहा बाबा देवीदास खुर्चीवर, बाजूले पंचायतीचा सचिव. तुही माय सतरंजीवर माह्यापाशी, डोक्यावर पदर. मी हळूच म्हनलं, "वत्सला, जा ना व वर."

ते म्हने, "आत्याबाई, तुमी खाली बसल्या, मी वर कशी बसू?"

घ्या! अडीच वर्सं आपन देवीदासले बोल लावून राहिलो, आन आडवी मी बसलेली! मी बाजेवर असली तं ते खाली बसते, हे घरचं झालं. पन पंचायतीतबी तेच चालू हाय, हे माह्या डोक्यातच नाही आलं.

मी उठली. गुडघा असा कडकन वाजला का पुढं बसलेली इंदू वळून पाहे. "मले अर्ज द्याचा हाय."

देवीदास म्हने, "बोल माय."

"तुले नाही बाप्पा. सरपंचबाईले." आन तुह्या मायले म्हनलं, "मी आता उभी हावो. तुमी खुर्चीवर बसल्या तरी माह्यापेक्षा उंच नाही होत. बसा."

सुनेले पयल्यांदा 'तुमी' म्हनलं मी. मागून कोनी तरी वरडला, "सासूनं सुनेले साहेब केलं रे!" मी म्हनलं, मी नाही, तुह्या वोटानं केलं.

देवीदास उठला. चपला घातल्या आन बाहेर गेला. हे मी लिहिनार नव्हती, सोनू. माह्यं पोरगं हाय. त्याच्या तोंडाकडे पाहवलं नाही मले.

तुही माय बसली. अशी टोकावर, जसं आत्ता कोनी उठवन. मी अर्ज सांगितला, आपल्या टोल्याच्या वस्तीत नळ लागले पन पानी येत नाही. सचिव म्हने, पुढच्या सभेत पाहू. तुही माय म्हने, "आजच पाहू. ज्याले ठराव मंजूर, त्यानं हात वर करा."

सचिव मोजे, आन मोजता मोजता थांबला. दरवाज्याबाहेर एक हात वर होता. देवीदासचा.

सचिव खुर्चीकडे पाहे. तुह्या मायनं पदर सावरला आन म्हने, "सोनालीचे बाबा, बाहेरचा हात मोजत नाही. आत या."

आन तो आला व! हात तसाच वर, एकाच पायानं दुसऱ्या पायाची चप्पल काढून राहिला, पडता पडता वाचला. मंग सारी सभा हासली, तोबी हासला. माह्या बाजूले सतरंजीवर येऊन बसला. ठराव पास झाला. पानी कवा येईन ते पाहू, पन लेखी झालं.

आज सकाळपासून मोटारसायकल धुऊन राहिला. मले म्हने, "माय, शनिवारी नागपूरची गाडी तिगावले कितीले येते?" जन्म टेशनाच्या बाजूले गेला, आन गाडी मले विचारते! मी म्हनलं, पोरीले विचार. तं म्हने, "तू पत्र लिहून राहिली ना..."

तं त्याच्याकडून हे विचारून राहिली. माय बसली, सोनू. आता तू ये. तो टेशनावर उभा राहीन, तू पयले बोलजो. तो बोलनार नाही, हात वर करन.

आन एक राह्यलं. सचिव म्हने, वोटर लिस्टात ज्याचं नाव, तो हरेक जन ग्रामसभेचा सदस्य असते. इतकी म्हातारी झाली, मले कोनी सांगितलंच नव्हतं. म्हनून आता पुरी सही करतो.

तुही आजी,
कलाबाई
सदस्य, ग्रामसभा