पोटातच ठरलेलं

३ जून
वाचनालयातल्या मासिकात वाचलं. पोटात असताना बाळाला एक हार्मोन जास्त मिळालं, तर अनामिका तर्जनीपेक्षा लांब होते आणि माणूस हट्टी निघतो. आमच्या कन्येची अनामिका चांगलीच लांब. म्हणजे सगळं जन्माआधीच ठरलेलं. मी लावलेल्या वळणाचा दोष नाही. हे असते तर त्यांना लगेच सांगितलं असतं.
तिला सातवा महिना. बाळंतपणाला मीच जाणार. तोवर एकही सल्ला द्यायचा नाही. आमच्या दोघींच्या मध्ये पडायला आता हे नाहीत.

५ जून
लेकीला फोन केला. सल्ला दिला नाही. स्टुलावर चढू नकोस, लवकर झोप आणि डॉक्टर बदल, एवढंच म्हणाले. ही माहिती झाली.

९ जून
मी कामाला असते त्या शिंप्याच्या दुकानात संशोधन. कपडे ऑल्टरला घेऊन आलेल्यांची बोटं टेपनं मोजली. एका गिऱ्हाइकानं विचारलं, पँट आखूड करायला बोटं कशाला? मालक माझ्यावर खेकसले. त्यांची तर्जनी लांब, म्हणजे स्वभावानं मवाळ. अपवाद असतात.

१४ जून, दुपार
लेकीकडे गेले. ती झोपली होती. हलकेच टेप लावली, तर जागी झाली. म्हणाली, आई, मी काय कापड आहे? समजावलं की बाई, तुझा दोष नाही, तू पोटातूनच तशी. ती म्हणाली, बाबा गेल्यापासून तू मला नुसती दुरुस्त करतेस. आता पोटातल्याला तरी सोड.
हार्मोन. दुसरं काय?
जावयांनी चहा केला. तर्जनी लांब. गुणी माणूस.

२० जून
लेखाचा दुसरा भाग आला. बोटं तळव्याच्या बाजूनं मोजायची म्हणे. मी पाठच्या बाजूनं मोजली. शिवाय फरक पुष्कळ माणसांच्या सरासरीत, तोही जेमतेम दिसतो. एकट्या माणसाबद्दल काही सांगता येत नाही. मासिकाचा दर्जा घसरलाय.

२२ जून
लेकीचा फोन. बाळंतपणाला तिच्या सासूबाई येणार आहेत. त्या कमी बोलतात म्हणाली. बाळ झालं की तू दोन दिवस ये.
त्यांची बोटं कशी आहेत, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. टेप गुंडाळत राहिले.
मग तीच म्हणाली, आई, आहेस ना?
आहे, म्हटलं.