शाळा मारकुटी आहे का, याची तपासणी

१५ एप्रिल, मंगळवार
आजपासून राग बंद. कायमचा. आधीचे संकल्प धरायचे नाहीत, तेव्हा परिस्थिती वेगळी होती.
भिवंडीच्या गोडाऊनने मला विश्रांतीवर पाठवलं आहे. फोर्कलिफ्टवाल्याची कॉलर माझ्या हातात आली, एवढंच झालं. ऑफिसवाले त्याला सस्पेंड म्हणतात.
दुपारी शेजारचा दामू आला. त्याचा ओमकार आणि माझी जनी यंदा पहिलीत जाणार. शहापूरच्या इंग्रजी शाळेची व्हॅन हल्ली गावात येते, त्यामुळे लोकांचं मन हललंय. दामू म्हणाला, देवा, तुला गोडाऊनला तपासणीची सवय हाय. आपली झेडपीची शाळा बघून ये. तू सांगशील तशी आमी पोरं घालू. बोलताना तो सारखा सरिताकडे बघत होता. सरिताने त्याला दोनदा चहा दिला. नवऱ्याचा अभिमान असलेली बायको अशी असते.
तपासणीचा मुद्दा एकच. शाळेत मारतात का? माझ्या गुरुजींनी निरगुडीच्या ओल्या छडीने माझ्या पोटऱ्या सोलून काढल्या होत्या. सातवीत ती छडी मी हिसकावली आणि तिचा उपयोग गुरुजींना समजावून सांगितला. तेव्हापासून मारामारीचा मला मनापासून तिटकारा आहे. जनीच्या अंगाला कोणी बोट लावलं तर त्याचा हात खांद्यातून उपटीन.

१६ एप्रिल, बुधवार
चेहरा हसरा ठेवून शाळेत गेलो. दार किती मजबूत आहे ते पायाने पाहिलं. वरची बिजागरी निखळली. मुख्याध्यापक भगीरथ सर म्हणाले, देवराम, ते दार बाहेर उघडतं, ओढायचं असतं. बांधकाम निकृष्ट.
मग वर्गाच्या मधोमध उभा राहून मुलांना प्रेमाने विचारलं, इथं मारतं कोण? बोला! घाबरता काय? पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. पुढच्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं. त्याच्या शेजारच्याची चड्डी ओली झाली.
मुलं प्रचंड भेदरलेली आहेत. या शाळेत काहीतरी भयंकर चालत असणार.

१७ एप्रिल, गुरुवार
खिचडीची तपासणी. शाळेत ठकीमावशी स्वयंपाक करते. टोपावरचं झाकण काढून ढवळून बघत होतो तर तिने पळी माझ्या मनगटावर हाणली. म्हणाली, हात धुतलंस का रे मेल्या? पोरांचं अन्न हाय! मनगट टम्म सुजलंय. शाळेत मारतात. पुरावा मिळाला.
घरी सरिताला दाखवलं. ती हसली. ताट भिंतीला लागलं. तिथे डाळीचा डाग आधीचाच होता, म्हणजे नवीन नुकसान काही नाही. आणि तो राग नव्हता. डाळ अळणी होती.
जनी खाटेखाली गेली. गुडघ्यात मान घालून, डोक्यावर दोन्ही हात ठेवून बसायचा तिचा एक खेळ आहे. ताट, डबा, दार, काही वाजलं की खेळते. शाळेत गेली की मैदानी खेळांची गोडी लागेल.

२१ एप्रिल, सोमवार
तपासणी एकतर्फी नको म्हणून इंग्रजी शाळेच्या व्हॅनवाल्याला रस्त्यात थांबवलं. विचारलं, तुमच्याकडे मारतात का? म्हणाला, डिसिप्लिन तो होना चाहिए ना, अंकल.
अंकल! माझं वय काय, याचं वय काय!
व्हॅनचा आरसा माझ्या हातात आला. मग त्याची मूठ माझ्या डोळ्यावर आली. मग आम्ही दोघंही गटारात आलो. दामूने मला काखेत धरून ओढून काढलं. जनी तिथेच आईचं बोट धरून उभी होती. तिच्यासमोर मी पडलो नाही, हे लिहून ठेवतो. बसलो होतो.
इंग्रजी शाळा बाद. असल्या तापट माणसांच्या हाती लेकरं द्यायची नाहीत.
डोळा अजून उघडत नाही. शांत आहे.

२४ एप्रिल, गुरुवार
पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळेत मेळावा होता. मुलांना एकेका टेबलावर नेतात. कुठे मणी ओवायचे, कुठे रंग ओळखायचे, कुठे उड्या. जनीने उड्या अशा मारल्या की छाती फुगली.
शेवटच्या टेबलावर गिरजा मॅडम चेहऱ्यांची चित्रं घेऊन बसल्या होत्या. चेहरा बघून मुलाने सांगायचं, याला काय झालंय. जनीला हसरा दाखवला. म्हणाली, दामूकाका. मॅडम म्हणाल्या, नाव नको गो, काय झालंय ते सांग. मग रागावलेला दाखवला. जनी लगेच म्हणाली, पप्पा. घाबरलेला दाखवला. म्हणाली, ही आय.
पोरीची नजर तल्लख आहे, यात शंका नाही. चित्रकाराला मात्र काही येत नाही. त्या रागावलेल्याला मिशा होत्या, मला कुठे आहेत?
हेच मी मॅडमना समजावून सांगत होतो. तेवढ्यात जनी टेबलाखाली शिरली. तिला बाहेर काढायला मी टेबल उचललं, ते जरा लांब जाऊन पडलं. मणी सगळीकडे. आयाबाया पोरांना उचलून भिंतीला लागल्या. लोकांना लगेच गैरसमज होतो.
भगीरथ सरांनी माझा दंड धरला. पाणी दिलं. म्हणाले, देवराम, तू आता लगेच घरी जाऊ नको. इथंच बस थोडा टाइम. पालकांची विचारपूस करतात, ही शाळेची चांगली बाजू. सरिता जनीला घेऊन पुढे गेली होती.

२५ एप्रिल, शुक्रवार
काल घरी गेल्यावर सरिताशी मेळाव्याबद्दल चर्चा केली. चर्चेत तिच्या बांगड्या फुटल्या. काचेच्या होत्या, फुटणारच. ओठाला लागलं ते फडताळाचं दार. मी दार लावत होतो आणि ती मध्ये आली.
आज सकाळच्या एसटीने ती जनीला घेऊन माहेरी गेली, मुरबाडकडे. तिकडे आंबे झालेत. जनीचे सगळे कपडे नेले, लसीचं कार्डही नेलं. जन्माचा दाखलाही. आंबे खायला दाखला कशाला, ते विचारायचं राहिलं.
घरात शांतता आहे. राग नसला की घर कसं शांत असतं ते लोकांनी येऊन बघावं.

९ मे, शुक्रवार
सरिता फोन उचलत नाही. फोन भिंतीला लागला. हल्लीचे फोन टिकाऊ नसतात.

१८ मे, रविवार
दामू भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजत होता. त्याला सांगितलं, रिपोर्ट तयार होतोय, घाई करू नका. तो काठीने पालापाचोळा सारत राहिला. मग म्हणाला, देवा, पोरांची नावं कधीच घातली आपल्या शाळेत. सगळ्यांनी. मी विचारलं, माझ्या रिपोर्टाआधी? तर म्हणाला, तुझा रिपोर्ट कोणाला पायजे होता रे? सरितावहिनीच बोलली होती, त्याला कायतरी काम लावा, दिवसभर घरात नको. मला तिची दया आली, म्हणून तुला धाडला.
माझं कोपर त्याच्या दाताला लागलं. त्याच्या काठीचं जळकं टोक माझ्या पोटरीला लागलं. बरोबर जुन्या वळांवर. पाठीला लागलं असतं तर चाललं असतं.
दामूवर माझा राग नाही. त्याचं तोंड बघणार नाही, एवढंच.

११ जून, बुधवार
नवा संकल्प. रिपोर्ट सोडायचा नाही. शाळा उघडेल त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचा. भगीरथ सरांना तसं सांगायला गेलो. ते गेटातच आडवे आले. म्हणाले, कमिटीचं ठरलंय, देवराम. तुला आत घ्यायचं नाय. सुट्टी लागेपर्यंत मुलं त्या बिजागरीकडे बघत होती.
विचारलं, माझी मुलगी इथे शिकणार आणि मी बाहेर?
सरांनी गेटाची कडी लावली. मग हळू आवाजात म्हणाले, जनी इथं नाय शिकणार रे. तिचं नाव सरिताने तिकडच्या शाळेत घातलंय, माहेरी.
मी गेटाला हातही लावला नाही. परत आलो. भाकरी टाकली, ती करपली, तशीच खाल्ली.
रात्री विचार केला. इथली शाळा बघून झाली. तिकडची कोणी बघितली? सरिताला त्यातलं काय कळतं? तिथे मारत असतील तर? आता बापालाच जायला हवं.

१६ जून, सोमवार
सकाळी किन्हवलीहून सरळगावची गाडी धरली, पुढे सरिताच्या माहेरापर्यंत चालत. न कळवता तपासणी करायची, म्हणून शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो.
नवीन मुलांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती. बैलांच्या शिंगांना फुगे, मुलांच्या डोक्यावर कागदी टोप्या, पुढे लेझीम. जनी मधोमध बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. हसत होती. एवढी हसते हे मला माहीत नव्हतं. गाडीबरोबर सरिता चालत होती. हातात हिरव्या बांगड्या. नवीन.
हाक मारायची ठरवलं. पहिला शब्द काय, तेही ठरवलं होतं.
तेवढ्यात शिंगाचा फुगा फुटला. पोरं खिदळली. जनीने गुडघ्यात मान घातली आणि डोक्यावर दोन्ही हात घेतले. एवढ्या पोरांत तिने एकटीने. मग कोपराच्या फटीतून बघायला लागली. इकडे, तिकडे, मागे. कुणाला शोधत होती ते मला समजलं. मी टाकीमागे खाली बसलो, तिला दिसू नये म्हणून.
तिथल्या बाई गाडीवर चढल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. हात धरून ओढले नाहीत, नुसत्या जवळ बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने जनीने एक हात खाली घेतला. मग दुसरा. गाडी फाटकातून आत गेली.
दुपारच्या गाडीने परत आलो.
शाळा चांगली आहे. मारत नाहीत.
फुगा मी फोडला नव्हता.