विटांसारखी दिसणारी भिंत

चेल्टनम, ३ मार्च १९५३

चि. मॉडला ह्यूबर्टदादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. नगरपालिकेच्या इंजिनिअरने आपल्या ब्रायटनच्या घराची गोल दर्शनी भिंत दोन इंच पुढे आल्याचं सांगितलं. एकोणीस तारखेला समिती ती पाडायचा हुकूम काढणार आणि तुला घर सोडावं लागणार, हेही वाचलं. घाबरू नकोस. त्या गृहस्थाला ती भिंत विटांची वाटते, इथंच तो फसलाय. एकशे तीस वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी लाकडाचा सांगाडा उभा करून त्यावर विटेच्या आकाराची काळी चकचकीत कौलं अशी बेमालूम बसवली, की पाहणाऱ्याला विटाच दिसाव्यात. दाराशेजारच्या कोपऱ्यावर बघ, कौलांची कड झाकणारी उभी लाकडी पट्टी आहे. खऱ्या विटांना तिथं पट्टी कशाला लागेल?

म्हणजे सुटलीय ती कातडी, वरची कौलं. हाडं जागेवर आहेत. पडताळून बघ. दिवाणखान्यात छतापासून ओळंबा सोड आणि दोरी ते भिंत हे अंतर वर, मधे, खाली मोज. मग तेच बाहेरून. इंचाचा सोळावा भागही सोडू नकोस.

इंजिनिअरसाठी चार पानं सोबत जोडली आहेत. मी बाराव्या वर्षी शाळा सोडली आणि असली घरं उतरवताना एकेक खिळा उपसून शिकलो, हे पहिल्याच ओळीत आहे. शेवटी बजावलंय, की ही कौलं फक्त चुन्यात बसतात. सिमेंट ओल कोंडतं, आतलं लाकूड कुजवतं. ते लावणाऱ्या अडाण्याला त्याच घरात राहायला लावावं.

इथं एका घराचा जिना अर्धा उघडून ठेवलाय, म्हणून येता येत नाही. लोभ आहेच; तो वाढवण्याआधी भिंत मोज.

तुझा,
ह्यूबर्ट

ब्रायटन, ९ मार्च

ती. दादास मॉडचा सा. न. वि. वि.

ओळंबा नव्हता, म्हणून तराजूचं एक पौंडाचं वजन दोरीला बांधलं. वरच्या मजल्यावरचे माझे भाडेकरू, मिस्टर टॅपसेल, नौदलात होते. दोरी धरून असे उभे राहिले, की सगळं आरमार त्यांच्याच हातात आहे. आतलं अंतर तिन्ही ठिकाणी सारखं. बाहेर मात्र मधोमध पोट सुटलंय, पावणेदोन इंचांचं. इंजिनिअरचा पाव इंच चुकला, हे वाचून तुला जेवण गोड लागेल.

इंजिनिअर येऊन गेला. पोरगा तरुण आहे, पण आडमुठा नाही. त्याने लाकडी पट्टी नखाने खरवडली, तुझी चार पानं उभ्या उभ्या वाचली आणि चहा मागितला. मग म्हणाला, की सांगाडा शाबूत आहे हे मान्य. पण कातडी दिवाणखान्याच्या खिडकीखालीच का सुटली? कारण कळल्याशिवाय बाकीची कौलं उद्या रस्त्यावर येणार नाहीत, अशी हमी तो समितीला देणार नाही.

तो गेल्यावर टॅपसेलनी तिथलं एक सैल कौल काढलं. मागे करडं, दगडासारखं सिमेंट. त्यामागची फळी भिजलेल्या केकसारखी हातात आली. आणि सिमेंटवर कोरलेलं, सुंदर वळणाचं नाव: ह्यू. एकहर्स्ट, १९३१. त्या वर्षीच्या वादळानंतर तू डागडुजी केलीस आणि वाऱ्यात आईला रस्त्यावर उभं करून ती दाखवलीस, ते मला आठवतं.

नावाचा तो सिमेंटचा तुकडा निघून आला, तो माझ्या एप्रनच्या खिशात आहे. इंजिनिअरला दाखवू, की समुद्रात टाकू? तू म्हणशील तसं. टॅपसेल बोलणार नाहीत. ताटात मासा असला की ते एरवीही बोलत नाहीत.

तुझ्या नावाला जपणारी,
मॉड

चेल्टनम, १२ मार्च

चि. मॉडला आशीर्वाद.

कालपासून लिहून लिहून फाडतोय. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. चुना आळायला थांबावं लागतं आणि मला परतीची गाडी गाठायची होती. हे कारण आहे, सबब नाही.

तुकडा समुद्रात टाकू नकोस. माझा हात लागला तेवढीच जागा सुटली, हाच तुझं बाकीचं घर शाबूत असल्याचा पुरावा आहे. माझं ठिगळ चार फूट दोन इंच रुंद, तीन फूट उंच. त्याच्या बाहेरचं एकही कौल हलणार नाही. त्याने हलवून बघावं. त्याला नाव, साल, सगळं दाखव. माझ्या चार पानांतला अडाणी कोण, ते समितीत मोठ्याने वाचू दे.

जिना पुढच्या शनिवारी संपतो. चुना आजच भिजत घातलाय. अडाण्याला त्याच घरात राहायला लावावं असं मीच लिहिलंय, तेव्हा त्या खिडकीपाशी माझी खाट टाक.

ह्यूबर्ट

ब्रायटन, २० मार्च

ती. दादास सा. न.

भिंत पाडत नाहीत. दुरुस्तीला सहा आठवडे दिलेत, आणि काम तुझ्याच हातून व्हावं असं इंजिनिअरने लिहून घेतलंय. त्याने भोवतीचं एकेक कौल हलवून पाहिलं. एकही हललं नाही. ठिगळाची उंची मात्र तीन फूट अर्धा इंच भरली. वय झालं तुझं. तुझं ते अडाण्याचं वाक्य त्याने समितीत दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसून हसून अध्यक्षांना चष्मा पुसावा लागला.

खाट टाकली आहे. तिथं ओल येते, जाड पांघरूण आण. नाव लिहायचंच असेल तर या वेळी चुन्यात लिही. पुढच्याला काढायला सोपं जाईल.

वाट पाहणारी,
मॉड