बारावा चौकोन

३ मार्च
माळावरच्या संशोधन केंद्रावर पोचले एकदाची! खोली छोटी, पण खिडकीतून सगळं माळरान दिसतं. स्वयंपाकाच्या मावशींनी आल्याआल्या चहा हातात दिला आणि माझं काम ऐकून पोट धरून हसल्या. एवढी शिकलेली बाई आणि दिवसभर किड्यांचे खड्डे मोजणार! मुंगीसिंह म्हणजे नखाएवढा किडा. भुसभुशीत वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करतो आणि तळाशी दडून बसतो. मुंगी घसरली की वाळू उडवून तिला खाली पाडतो, शोषून घेतो, टरफल बाहेर भिरकावतो. खुंटे ठोकून बारा चौकोन आखलेत. रोज खड्ड्यांना पट्टी लावायची, वहीत लिहायचं. मजा आहे माझी.

९ मार्च
अकरा चौकोन केंद्राजवळ, बारावा टेकडीपलीकडे. ऊन असं की डोकं उकळतंय. आज तिकडे गेलेच नाही. कालचाच आकडा उतरवला, चार सेंटिमीटर. किडा थोडीच तक्रार करणार आहे!

१७ मार्च
आठवडा झाला, बारावा चौकोन खोलीत बसूनच मोजतेय. मावशींची शेळी हरवली. ती टेकडीपलीकडे चरायची. तुम्ही रोज जाता ना, तिकडे जमीन खचलीय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही हो, सगळं जसंच्या तसं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही मेली.

१९ मार्च
मावशी काल शेळी शोधायला गेल्या त्या परतल्याच नाहीत. त्यांचे यजमान, फाटकावरचे काका, वेड्यासारखे फिरतायत. टेकडीपलीकडे मात्र गेले नाहीत. बाई रोज जातात, काही असतं तर वहीत आलं असतं, असं सगळ्यांना सांगतात. माझ्या वहीवर एवढा विश्वास!

२० मार्च, सकाळी
शेवटी मीच टेकडीपलीकडे गेले. खुंटे नाहीत. चौकोनच नाही. विहिरीएवढा खड्डा, कडा गुळगुळीत. बाहेर शेळी पडलेली, नुसतं वाळकं कातडं. आणि पुढे मावशी. त्यांच्याच कपड्यांत. वाऱ्याने हलत होत्या, इतक्या हलक्या—
धावत आले. काकांसमोर तोंड उघडलं आणि म्हटलं, नाही दिसल्या कुठे. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग रोज लिहीत काय होतात? शी! माणूस आहे का मी?

दुपारी
काका फाटकावर नाहीत. माळी म्हणाला, टेकडीपलीकडचं तेवढं राहिलंय, बघून येतो म्हणाले. वहीत सगळं ठीक आहे, काळजी नको, असंही म्हणाले. मी दोर घेतला. निघाले.

खड्ड्यापाशी
काका आत आहेत. छातीपर्यंत वाळू. जिवंत! मला बघून हसले, बाई आल्या म्हणून. दोर खडकाला बांधलाय, पण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. उतरायला हवं. मग लिहीत काय बसलेय? हिंमत होत नाही म्हणून— जो कुणी वाचेल त्याने ऐकावं, बाराव्या चौकोनाचे नऊ मार्चपासूनचे सगळे आकडे खोटे. मीच—
ओरडून सांगितलं त्यांना. सगळं. मावशींचंही. त्यांचं हसू मावळलं.
खालून वाळू उडतेय. काका हाका मारतायत. शिव्या देत असतील, द्याव्यात— नाही. मागे सरा म्हणतायत. बाई, मागे सरा, तुम्ही बसलाय तिथली कड—