तक्रार नसलेलं घर

दि. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा नकाशा पेपरात पाहिला. जुनी घरं, मुलांच्या रक्ततपासण्या, लोकांच्या तक्रारी असं पालिकेकडचं सगळं एकत्र करून कुठल्या घराच्या रंगात शिसं असेल ते तू ओळखतेस म्हणे. आपलं घर हिरवं, म्हणजे बिनधोक, म्हणून बाबांची स्वारी भलतीच खूश. जन्मभर लोकांची घरं रंगवली, माझ्या घराला कोण नाव ठेवणार, म्हणाले. यंदाही खिडक्या खरवडायला घेतल्यात आणि चिमी दिवसभर आजोबांच्या पायांत. ती हल्ली फार चिडचिडते, शिकलेले शब्द विसरते. हिला काळजी वाटते. मी म्हणतो, आजोबांनी लाडावून ठेवलीये. मोठी साहेब झालीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. आधी चिमीचं रक्त तपासून घे, खरवडणं बंद कर आणि धूळ ओल्या फडक्यानं पूस. आपलं घर हिरवं आहे ते तिथून कधी तक्रार आली नाही म्हणून. बाबांनी गळका नळसुद्धा स्वतःच दुरुस्त केला, तक्रार कोण करणार? चिमीची तपासणीही नाही. जिथली नोंद नाही तिथे धोका नाही, असं मी धरून चालले. बाबांना पाठीचं कारण सांगून थांबव. खरं कळलं तर ते मोडतील.

ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

चिमीच्या रक्तात शिसं खूप निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधानं ते उतरेल, पण गेलेलं किती परत येईल ते सांगवत नाही. आम्ही हिच्या माहेरी आलोय.

बाबांपासून काय लपणार? दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पालिकेत गेले आणि जन्मात पहिली तक्रार केली. कारकुनानं विचारलं, कोणाविरुद्ध? त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मी खरवडलेली गल्लीतली सगळी घरं तपासा, म्हणाले.

काल इथे आले. चिमी त्यांना आबा म्हणायची, आता नुसतंच बोट दाखवते. हात पसरून धावली, तसे ते मागे सरकले. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आले होते, तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. अंगावर धूळ असेल म्हणाले.

ताई, त्यांना दोन ओळी लिही. तुझ्या लोभाची आज त्यांनाच जास्त गरज आहे.

धाकटा