आजीच्या मडक्यातलं पळीभर

आई,
बुसानहून मालसूनचा गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खाणावळीत काम मरणाचं, पण जेवण पोटभर. तुझी कंबर कशी आहे? भात नीट खातेस ना?

तू पाठवलेला सोया सॉस पोचला. काल मुळ्याच्या पाल्याच्या सूपमध्ये घातला. मालकीणबाईंनी एक घोट घेतला नि म्हणाल्या, "मालसून, समुद्र उपसून आणलास की काय गं?" मी म्हटलं, "आमच्या घरचा असाच असतो, थेंबभरच घालायचा." खोटं बोलले. आई, तू मीठ दोनदा घातलंस.

पण मिठाच्या मागे चव तीच आहे. लढाईत घर सोडून पळालो, तेव्हा लोकांनी रजया उचलल्या आणि आजीने ह्याच सॉसचं मडकं डोक्यावर घेतलं. बाबा ओरडले, "अगं, आधी जीव वाचव!" ती म्हणाली, "आणि मग खाशील काय, जीव?" बर्फात मी तुझा घागरा धरून चालत होते. पुढे आजी, आणि मागे सगळ्या वाटेला त्या मडक्याचा वास. तेव्हापासून दरसाल त्या जुन्यातलं पळीभर नव्यात पडतंय.

वहिनीला मिठाचं बोलू नकोस. ती 'आता तुम्हाला जमत नाही' म्हणत सॉसचे रांजण काढून तिथे कोंबड्या पाळेल.

यंदा रांजण भरायला मी येते. तोवर मिठाच्या पोत्याला हात लावू नकोस. मीठ मी घालीन, तू शेजारी बसून मला शिव्या घाल. त्या दोनदा घातल्यास तरी चालतील.

तुझीच,
मालसून